यादीत आहे!

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. वाचक चिवड्याची बशी शेजारी घेऊन बसलेला असतो. त्याला विनोद हवा असतो, एखादी गोड गोष्ट हवी असते, गेला बाजार वार्षिक राशिभविष्य तरी हवे असते. पण माझे भांडण फार लहान वस्तूशी आहे. ती वस्तू म्हणजे एक बाण. नखाच्या टोकाएवढा, खाली तोंड केलेला. हल्ली घरोघरी मोबाइलमध्ये टिपणवहीची ॲप्स असतात. त्यांत करायच्या कामांची यादी करता येते, आणि यादीतल्या एखाद्या कामापुढे हा बाण काढला की ते काम ‘कमी प्राधान्याचे’ ठरते. एवढ्याशा बाणावर दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कुणी म्हणेल. त्याने कृपा करून पुढे वाचावे.

माझे म्हणणे असे, की हा बाण खोटे बोलतो. तो म्हणतो ‘नंतर’, आणि करतो ‘कधीच नाही’. सरळ नकार दिला असता तर माणूस दुसरे दार ठोठावता. बाण त्याला दाराशी बसवून ठेवतो.

आपल्या भाषेत ‘सवडीने’ असा एक शब्द आहे. ‘सवडीने कर रे बाबा, घाई नाही,’ असे घरातले वडील माणूस सांगते, तेव्हा काम क्षुल्लक आहे असे त्याला सुचवायचे नसते. मुलीच्या लग्नाचे बोलणे सवडीने करायचे असते, बापाच्या मृत्युपत्राचा विषय सवडीने काढायचा असतो, लोणच्याला फोडणी द्यायची तीही सवडीनेच. सवड म्हणजे कामाला दिलेला मान. हे काम धावतपळत उरकण्याजोगे नाही, असा त्याचा अर्थ. या शब्दाच्या जागी ॲपवाल्यांनी ‘प्राधान्य’ बसवले आणि त्याच्यामागे ‘कमी’ जोडले. झाले! जे सवडीचे होते ते एका रात्रीत गौण झाले. वेळेचा प्रश्न होता, तो दर्जाचा करून टाकला. ही भाषेची बारीकशी चूक नव्हे. कामाचा दर्जा उतरला की ते काम ज्याचे असते त्याचाही उतरतो.

आणि गंमत अशी, की ‘कमी’ म्हणजे कशापेक्षा कमी, याविषयी या ॲपवाल्यांचे आपसात एकमत नाही. ॲपलच्या रिमाइंडर्समध्ये कामाला कमी, मध्यम आणि जास्त असे तीन दर्जे देता येतात, आणि त्यांच्या खुणा अनुक्रमे एक, दोन आणि तीन उद्गारचिन्हे! म्हणजे ‘याची घाई नाही’ असे सांगायला गेलात, तर ॲप त्यापुढे ‘अहो!’ म्हणून ओरडते. टुडूइस्टमध्ये चार दर्जे आहेत, पण चौथा, म्हणजे सर्वांत खालचा, हाच सगळ्या कामांचा मूळचा दर्जा. त्याच्याखाली काही ढकलायची सोयच नाही. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या टिपणांसाठी ऑर्ग मोड तयार केले. त्यात अ, ब, क अशा अर्थाची तीन अक्षरे आहेत आणि ज्या कामाला अक्षर नाही ते ‘ब’ समजतात. हे निदान सरळ आहे. ऑब्सिडियन नावाच्या टिपणवहीत कामांसाठी जी जोडणी मिळते तिच्यातही बिनखुणेचे काम मध्यम आणि कमी यांच्या मधोमध धरतात. मी हीच वहीं वापरतो, आणि माझा तो बाण याच वहीतला आहे. तेव्हा एका घरात ज्याला खालची पायरी म्हणतात, ती दुसऱ्या घरात वरची ठरते. आपल्या मुलाबाळांची, औषधपाण्याची, बँकेची कामे आपण या पायऱ्यांवर मांडून ठेवतो, आणि पायऱ्या कुठल्या दिशेने जातात हे मात्र बघत नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही चित्रकला शिकवता, कादंबऱ्या लिहिता, शिक्षण दहावीपर्यंतचे. संगणकाच्या गोष्टीत तुम्हाला काय समजते? फारसे समजत नाही, हे खरे. पण ज्यांना समजते त्यांनीच लिहून ठेवलेले वाचायला कुणाची बंदी नाही. आणि त्यांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचून तर मला अधिकच राग आला.

संगणकाच्या पोटात एकाच वेळी अनेक कामे रांगेत उभी असतात. कुणाला आधी सोडायचे हे दर्जावरून ठरते. वरच्या दर्जाची कामे सारखी येतच राहिली, तर खालच्या दर्जाच्या कामाला कधीच पाळी मिळत नाही. या अवस्थेला त्या शास्त्रात चक्क ‘उपासमार’ असे नाव आहे. सिल्बरशॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरचे पाठ्यपुस्तक जगभर शिकवले जाते. त्यात एक वदंता दिली आहे, आणि ती वदंता म्हणूनच दिली आहे. एमआयटी या अमेरिकेतील संस्थेत आयबीएम ७०९४ हे जुने यंत्र होते. ते १९७३ साली बंद केले, तेव्हा त्यात खालच्या दर्जाचे एक काम सापडले म्हणतात, १९६७ साली दाखल केलेले, अजून पाळीची वाट बघणारे. गोष्ट खरी असो वा नसो, प्राध्यापक मंडळी ती विद्यार्थ्यांना का सांगतात हे ध्यानात घ्या. यावरचा उपायही त्याच पानांत दिलेला असतो. जे काम जितके जास्त थांबले असेल, तितका त्याचा दर्जा आपोआप वर चढवत न्यायचा. या उपायाला ते ‘वय वाढणे’ असे म्हणतात. वय वाढले की मान वाढतो! हे आमच्या आजीला कुणी सांगितले असते तर ती म्हणाली असती, यात नवे ते काय?

तेव्हा उपाय ठाऊक आहे. यंत्राच्या आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या कामांवर अन्याय होऊ नये म्हणून तो अमलातही आणला जातो. मग त्याच यंत्राच्या पडद्यावर तुमच्या-माझ्या आयुष्याची जी यादी दिसते, तिच्यातल्या कामाचे वय का वाढत नाही? तीन वर्षांपूर्वी काढलेला खालचा बाण आजही तितकाच खाली आणि तितकाच टवटवीत असतो. नाही म्हणायला टास्कवॉरियर म्हणून एक साधन आहे, त्यात वयाचे गुण मिळतात. किती? पूर्ण वर्ष थांबल्यावर २. आणि वरच्या दर्जाची खूण असेल तर पहिल्याच दिवशी ६. पुढे आणखी दहा वर्षे थांबले तरी वयाचे गुण २ च राहतात. इतके करून तिथे ‘कमी’ अशी खूण केलेल्या कामाला १.८ गुण मिळतात आणि बिनखुणेच्या कामाला शून्य. दिवाळीचा बोनस वाटताना असा हिशेब केला असता, तर कारखान्याच्या दारात सभा भरली असती.

युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीतली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. तिथे आपले काम स्वतःहून खालच्या दर्जावर नेण्याची एक आज्ञा आहे, आणि तिचे नाव आहे ‘नाइस’. नाइस म्हणजे भला, समंजस. जितका आकडा वाढवाल तितके तुम्ही भले, आणि तितके तुमचे काम मागे; १९ पर्यंत भलेपणा वाढवता येतो. पण एकदा भलेपणा दाखवून काम खाली नेले, की सामान्य माणसाला ते एरवी पुन्हा वर आणता येत नाही. त्याला वरचा अधिकारी लागतो. खाली उतरायला कुणाची परवानगी नको, वर चढायला हवी. घराघरांतल्या सुनांना आणि थोरल्या मुलांना ही प्रणाली कुणी शिकवण्याची गरज नाही.

‘पण खालची कामे शेवटी खालचीच की! ती राहिली म्हणून कुणाचे काय अडते?’ हा युक्तिवाद मी इतक्या शहाण्या माणसांकडून ऐकला आहे की त्याला मंगळावरचे उत्तर द्यावे लागते. पाथफाइंडर हे अमेरिकेचे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. उतरल्यावर काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. शोध घेतला तेव्हा मूळ सापडले ते हवामानाच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका खालच्या दर्जाच्या कामाशी. त्या कामाकडे एका सामायिक खोलीची किल्ली होती असे समजा. किल्ली हातात असतानाच मधल्या दर्जाची कामे येत आणि त्याला बाजूला सारून पुढे घुसत. आता ते बिचारे ना आपले काम संपवू शके, ना किल्ली परत ठेवू शके. आणि वरच्या दर्जाच्या कामाला नेमकी तीच किल्ली हवी! ते दाराशी ताटकळत राही. ठरल्या वेळेत काम झाले नाही हे पाहून यान घाबरे आणि सगळा संगणक नव्याने सुरू करी. पृथ्वीवरून दुरुस्ती पाठवली गेली ती अशी: खालच्या कामाच्या हातात किल्ली आहे आणि वरचा तिच्यासाठी खोळंबला आहे तोवर खालच्याला वरच्याचा दर्जा द्या, त्याला पुढे जाऊ द्या. कोट्यवधी मैलांवरच्या त्या यंत्रात हे शहाणपण पोहोचवता आले. आमच्या शाळेच्या कचेरीत ते अजून पोहोचायचे आहे.

कोणती शाळा ते सांगत नाही, कारण मी म्हणतो तसल्या शाळा शेकड्यांनी असतील. कचेरीतील कामांची एक सामायिक यादी तिथे ॲपवर ठेवतात. आठवीतली एक मुलगी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेचा अर्ज भरत होती, तेव्हा माझ्या लक्षात आले की जन्मदाखल्यावरचे तिचे नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातले नाव यांत एका अक्षराचा फरक आहे. असली दुरुस्ती मूल शाळेत असताना होते. दाखला घेऊन शाळेबाहेर पडल्यावर ती किती अवघड होते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. मी त्याच दिवशी काम यादीत लिहवले. कचेरीने त्यापुढे खालचा बाण काढला. बाण काढणाऱ्याचे चुकले असेही त्या दिवशी म्हणता आले नसते. दहावीला दोन वर्षे होती आणि कचेरीसमोर शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहित्या यांचा डोंगर होता. मी त्या वर्षी दोनदा विचारले, पुढच्या वर्षी पुन्हा विचारले. दर वेळी उत्तर एकच: ‘सर, यादीत आहे.’

यादीत आहे! हे उत्तर किती भरभक्कम आहे पाहा. त्याच्यापुढे बोलायला जागाच नाही. पूर्वी लिपिक ‘विसरलो’ म्हणे, ओशाळे, आणि ओशाळल्यामुळे काम करी. आता कुणी विसरत नाही, म्हणून कुणी ओशाळतही नाही. विसरण्याची लाज यादीने घेतली आणि करण्याची जबाबदारी बाणाने. मुलगी दहावी झाली, प्रमाणपत्रावर ते चुकीचे अक्षर छापून आले. तिचे वडील गवंडीकाम करतात. कचेऱ्यांच्या खेपांसाठी किती दिवसांची मजुरी बुडाली हे त्यांनी मला सांगितले नाही, एवढेच विचारले, ‘गुरुजी, यादीत होतं ना?’ होते. अजूनही असेल. कुणी काढले नसेल तर ते तिथेच, बाणासकट असेल.

सरकारी कचेऱ्यांना आपण नावे ठेवतो, पण या एका बाबतीत सरकारचा कागद ॲपपेक्षा शहाणा आहे. महाराष्ट्रात बदल्यांच्या विनियमनाचा आणि दिरंगाईला प्रतिबंध करण्याचा २००५ चा कायदा आहे. त्यात तातडीच्या फाइलींना चार दिवस, त्याहून निकडीच्या फाइलींना त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या सकाळची मुदत सुचवली आहे. आणि ज्या फाइलीवर कसलीच खूण नाही, तीसुद्धा एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे म्हटले आहे. कायदा किती पाळला जातो, हे मला विचारू नका. दिवाळीच्या दिवसांत तोंड कडू करायचे नाही. पण कायद्याची समज पाहा. बिनखुणेच्या फाइलीलाही मुदत! शिवाय स्मरणपत्राची चाल आहेच. पहिले स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र. प्रत्येक पत्राने जुना कागद थोडा वर चढतो. म्हणजे वय वाढण्याची तीच युक्ती आपल्या कारकुनांनी शाईने आणि टाचणीने साधली होती.

याउलट एक पंथ आहे कार्यक्षमतेच्या उपदेशकांचा. ते म्हणतात, बाणाचे नाटक हवेच कशाला? जे कमी महत्त्वाचे ते खोडून टाका. १९५४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी इव्हॅन्स्टन येथील भाषणात निकडीचे आणि महत्त्वाचे यांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाच्या हवाल्याने. पुढे १९८९ साली स्टीफन कव्ही यांच्या पुस्तकातून त्याची चार घरे जगभर गेली. निकडीचे नाही आणि महत्त्वाचेही नाही ते चौथ्या घरात, आणि चौथे घर केराच्या टोपलीत, असे आता जो तो सांगतो. ऐकायला झकास! पण घर ठरवणार कोण? त्या मुलीच्या नावातले अक्षर कचेरीच्या दृष्टीने आठवीत निकडीचे नव्हते. आणि महत्त्वाचे म्हणावे तर ते अक्षर कचेरीच्या नावात नव्हते. चौथे घर बहुधा दुसऱ्याच्या कामांनीच भरते. डेव्हिड ॲलन यांच्या २००१ च्या पुस्तकाला मी या पंथात धरत नाही. त्यांनी ‘कधीतरी, जमलेच तर’ अशी वेगळी यादी ठेवायला सांगितली, पण त्याबरोबर आठवड्यातून एकदा साऱ्या याद्यांवरून नजर फिरवण्याची अटही घातली. लोकांनी यादी उचलली, अट तिथेच ठेवली.

घरातही पाहा. ज्या घरांत सर्वांची मिळून एक यादी असते, तिथल्या खालच्या बाणांची कामे कुणाच्या नावची आहेत हे एकदा मोजा. गाडीची सर्व्हिसिंग वर असते. आजींच्या चष्म्याची मोडकी काडी खाली. वीजबिलाला तारीख असते म्हणून ते वर. ‘आईला मावशीकडे नेऊन आणणे’ याला तारीख नसते म्हणून ते खाली. खरे तर तारीख त्यालाही असते. मावशी नव्वदीच्या पुढे आहेत; तारीख त्यांच्या बाजूने ठरायची आहे, आणि ती ॲपला कुणी कळवणार नाही. जो ओरडतो त्याला उद्गारचिन्ह, जो गप्प राहतो त्याला बाण. चित्रकलेच्या तासाचे दुसरे काय होते? परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर दाराशी येतात, ‘तेवढा तास द्या बुवा’ म्हणतात, आणि तास जातो. गणिताशी माझे वैर नाही. पण चित्रकलेला गणिताचा तास मिळाल्याचे पंचवीस मुलांच्या वर्गातही कुणी ऐकले आहे काय?

(हा लेख वेळेवर का झाला, हे संपादकांना ठाऊक आहे. त्यांचे तीन फोन आले. माझी कादंबरी चार वर्षे चालली आहे. तिच्यासाठी अद्याप कुणाचा एक फोन नाही.)

तेव्हा माझी मागणी बाण काढून टाकण्याची नाही. सवडीच्या कामांना खूण हवीच. नाहीतर सगळेच तातडीचे होऊन बसते आणि माणूस पिसाटतो. मला हवा आहे तो बाण असा: खाली ढकलताना त्याने मला विचारावे, ‘किती दिवस?’ आणि उत्तर मिळाल्याशिवाय ढकलू देऊ नये. ते दिवस भरले की काम आपोआप मधल्या रांगेत यावे. दुसऱ्यांदा ढकलले तर ‘दुसऱ्यांदा’ असे तिथे दिसावे, तिसऱ्यांदा ढकलायचे झाले तर एक वाक्य लिहावे लागावे, की हे काम मी करणार नाही. आणि यादी सामायिक असेल तर ज्याचे काम आहे त्याला ते वाक्य वाचता यावे. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या. तो दुसरीकडे तरी जाईल. हे सगळे करायला मंगळाएवढे लांब जावे लागत नाही. जे लोक रोज रंग आणि घंटानाद बदलून नवी आवृत्ती काढतात, त्यांना एका शनिवारी जमण्याजोगे आहे.

तोवर मी माझ्यापुरती सोय केली आहे. त्या ऑब्सिडियनच्या जोडणीत काम कधी लिहिले त्याची तारीख नोंदवता येते, आणि तारखेच्या क्रमाने यादी लावता येते. खालच्या बाणाची सर्व कामे मी एका पानावर घेतली आहेत, सर्वांत जुने सर्वांत वर. शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी वरचे पहिले काम घ्यायचे, मग ते काहीही असो. मागच्या महिन्यात त्यातून एक चष्म्याची काडी, एक बँकेतले वारसाचे नाव आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्राचे उत्तर एवढे निघाले. आज वर आहे ते, ‘माळ्यावरचा आकाशकंदिलाचा सांगाडा उतरवून ताव चिकटवणे’. नोंद गेल्या कार्तिकातली आहे. ताव आणून ठेवले आहेत. खळ तेवढी शिजवायची आहे.